मार्च महिन्यात मराठवाड्यात पाऊस आणि तापमान किती असते? तिथे द्राक्षबाग घेताना वादळी हवामानाची भीती बाळगावी का?

आपण लातूर जिल्ह्यात द्राक्षाची चालू बाग विकत घेण्याच्या विचारात आहात, माल मार्चमध्ये काढणीला येतो, आणि म्हणून आपल्याला त्या महिन्याची सरासरी हवी आहे. ती एका ओळीत सांगून होते. मराठवाड्यात मार्चचा सरासरी पाऊस जेमतेम दहा मिलिमीटरच्या आसपास असतो, दिवसाचे तापमान महिन्याच्या आरंभी ३३-३४ अंश असते व अखेरीस ३८-३९ अंशांपर्यंत चढते, रात्री साधारण १८ ते २२ अंश राहतात. मात्र हे आकडे पाहून आपण बाग घेणार असाल, तर घेऊ नका. असेच आकडे दाखवून आमच्या घरात एकदा मोठा निर्णय झाला होता, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो आहे.

आमची बाग औसा तालुक्यात आहे. जमीन सामाईक खात्यावर असल्यामुळे मोठा खर्च करायचा तर पुण्यात नोकरीला असलेल्या चुलत बंधूंची संमती लागते. २०१३ च्या दिवाळीत सगळे गावी जमले असताना, निदान निम्म्या बागेवर तरी गारपीटरोधक जाळी टाकावी असे मी सुचवले. बंधूंनी पावसाची महिनावार सरासरी काढून माझ्यापुढे ठेवली. वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मार्चचा वाटा शेकड्याला एक-दीड, तेवढ्यासाठी लाखोंची जाळी कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. वडीलधाऱ्यांनाही ते पटले आणि विषय तिथेच मिटला.

२०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर गारांचे तडाखे एकामागून एक बसत राहिले. भूमध्य समुद्राकडून येऊन एरवी उत्तर भारतावरून निघून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा प्रभाव त्या वर्षी खाली दख्खनपर्यंत पोहोचला होता. वरच्या थरात थंड कोरडी हवा, खालच्या थरात दोन्ही समुद्रांकडून येणारी दमट हवा आणि जमीन दुपारी तापलेली, अशी स्थिती जुळली की तासाभरात ढग आकाशात उंच चढतो. त्यातच या दिवसांत शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्यावर हवा गोठणबिंदूखाली जाते ती उंची, पावसाळ्यातल्यापेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे गारेला जमिनीपर्यंत येताना वितळायला पुरेसे अंतर मिळत नाही. जुलैत याहून कितीतरी अधिक पाऊस पडूनही आमच्याकडे गारा पडत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आमच्याकडे गारपीट दुपारनंतर आली. सकाळपासून घालमेल होत होती, वारा पडला होता, आणि पश्चिमेला आभाळ काळे न दिसता हिरवट करडे दिसत होते. आधी मोठाले थेंब आले, मग लिंबाएवढ्या गारा. सगळा प्रकार वीस मिनिटांच्या आत आटोपला. बाहेर पडलो तेव्हा मांडवाच्या तारांवर पाने उरली नव्हती, त्यामुळे एरवी आत शिरले की जी सावली लागते ती नाहीशी झालेली होती. घड जागेवर लटकत होते, पण पश्चिमेकडचे मणी फुटून रस गळत होता आणि त्याच घडाच्या पूर्वेकडचे मणी धडधाकट होते. सरीत गारांचा थर साचला होता आणि बांधाच्या सावलीतला बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळीही पुरता विरघळला नव्हता. तिसऱ्या दिवसापासून बागेत आंबूस वास सुटला. व्यापाऱ्याने विसार दिलेला होता, त्याने फोन उचलणे बंद केले. बेदाणा करावा म्हटले तर फुटलेला मणी रॅकवर काळा पडतो आणि चिकटतो. शेजारच्या शिवारात काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली होती, हरभऱ्याचे घाटे मातीत गेले होते, आणि तेथून दोन कोसांवरच्या गावात मात्र साधा पाऊस होऊन गेला होता. गार अशी पट्ट्याने जाते.

आता त्या महिन्याच्या आकड्यांकडे पाहा. आकाश ढगाळ राहिल्यामुळे पहिल्या पंधरवड्यात दिवसाचे तापमान नेहमीपेक्षा कमी राहिले. पाऊस सरासरीच्या कितीतरी पट नोंदला गेला. ती नोंद वाचून बंधूंनी फोनवर मला सांगितले की यंदा विहिरींना पाणी राहील. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के कमी पाऊस झाला, पुढच्या वर्षीही तसेच झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मार्चमधल्या जादा पावसाचा विहिरीला उपयोग झाला नाही आणि बाग तर गेलीच होती. महिन्याची बेरीज यातले काहीच सांगत नाही, कारण पाऊस किती मिनिटांत पडला, द्रवरूपात पडला की गारांच्या रूपात, आणि जिथे पाऊस मोजतात त्या महसूल मंडळाच्या गावी पडला की आपल्या शिवारात, हे तिच्यात नसतेच.

नुकसानभरपाईवर भिस्त ठेवू नये. त्या वर्षी शासनाने हेक्टरी जिरायतीला १०,००० रुपये, बागायतीला १५,००० आणि फळबागेला २५,००० रुपये मदत जाहीर केली. द्राक्षाच्या एका एकराचा वर्षाचा खर्चच लाखांच्या घरात जातो, त्यापुढे ही रक्कम औषधफवारणीलाही पुरत नाही. शिवाय तेव्हा नुकसान ५० टक्क्यांहून अधिक भरले तरच मदत मिळत असे. ही अट २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आली. फळपीक विमा जरूर घ्या, परंतु गारपिटीचे संरक्षण त्यात वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. आता राज्यात मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, ही सुधारणा मोठी आहे. तरीही केंद्रावर पाऊस मोजला जातो, आपल्या मांडवातली गार मोजली जात नाही.

बाग पाहायला जाल तेव्हा मालकाला केवळ उत्पन्न विचारू नका. ओलांड्यांची, म्हणजे तारेवर पसरलेल्या वेलीच्या जाड आडव्या फांद्यांची, साल हाताने चाचपून पाहा. गारेच्या जुन्या जखमा वरच्या अंगाला गाठीसारख्या लागतात, आणि अशा ओलांड्यावर खरड छाटणीनंतर (माल काढल्यावरच्या छाटणीनंतर) फुटी एकसारख्या येत नाहीत. तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडे मार्च २०१४, फेब्रुवारी २०१८ आणि मार्च २०२३ च्या पंचनाम्यांत त्या गटाचे (जमिनीच्या गट क्रमांकाचे) नाव होते का, याची चौकशी करा. या तिन्ही वेळी मराठवाड्यात अवकाळीने मोठे नुकसान केले आहे. एकाच गटाचे नाव वारंवार सापडले, तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी तो व्यवहार सोडून द्या.

जाळीविषयी माझे मत दिवाळीत होते तेच आजही आहे. जाळीचा खर्च हा बागेच्या भांडवलाचाच भाग आहे. ठिबक आणि मांडव यांच्या खर्चाला जसे कोणी सरासरी पाहून नकार देत नाही, तसाच जाळीलाही देऊ नये. बंधू आजही म्हणतात की असे वर्ष वीसातून एकदा येते. तसे मानले तरी त्या एका वर्षाच्या तोट्याने आमचे पीककर्ज पुढची कितीतरी वर्षे थकीत राहिले, आणि पुण्याहून आलेल्या पगारातून त्याचा एकही हप्ता गेला नाही.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. जाळीखाली उजेड कमी होतो, भुरी या बुरशीच्या रोगावर अधिक लक्ष ठेवावे लागते, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात खांब पक्के नसतील तर जाळीसह मांडवच आडवा होतो. दुसरे, माझा अनुभव एका तालुक्यातल्या थॉमसन जातीच्या बागेचा आहे. छाटणी आधी धरून फेब्रुवारीच्या मध्याआत माल काढणारे शेतकरी मार्चच्या धोक्यातून बऱ्याच अंशी सुटतात. मात्र २०१८ ची गार फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच पडली होती, तेव्हा लवकर छाटणीवर सगळा भरवसा ठेवू नका.