बारावीनंतर ‘मला लहान मुलांना शिकवायचंय’ म्हणणाऱ्या मुलींसाठी, आणि त्यांच्या वडिलांसाठीही

मी करिअर समुपदेशक. बारावीचा रिझल्ट लागला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येतो आणि गेल्या तीन-चार वर्षांत तो फारच वाढलाय. मुलगी शेजारी गप्प बसलेली असते, बोलतात आईवडील. “हिला म्हणे बालवाडीचं काहीतरी करायचंय, मग कुठलं कॉलेज चांगलं?” या जूनमध्ये एकाच आठवड्यात तिघांनी हे विचारलं, म्हणून आज लिहायला बसले. यातल्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कारागीर, वीस वर्षं मशीनवर उभं राहिलेला माणूस. येतानाच वही घेऊन आले होते, त्यात सात कॉलेजं फीच्या क्रमाने लिहिलेली. “मॅडम, यातलं एक काय ते फायनल सांगा, फी भरून मोकळं होतो.” आईचं म्हणणं वेगळं, “नुसत्या बालवाडीच्या बाई व्हायला तीन-तीन वर्षं कशाला घालवायची, सहा महिन्यांचा कोर्स करून माझ्या मावसबहिणीची सून लागली की नोकरीला.” मुलीला विचारलं तुला काय वाटतं, तर खाली बघून म्हणाली, “बाबा म्हणतील ते.”

खरं सांगते, त्या दिवशी मी त्या वहीतल्या एका नावावर टिक करून दिली असती तर तिघंही खुश होऊन गेले असते. ते मी केलं नाही. कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचून मी या कामात आले आणि इतकी वर्षं झाली तरी माझा विश्वास तोच आहे, की माणसाला आपलं उत्तर माहीत असतं, फक्त ते त्याला शांतपणे ऐकू यावं लागतं.

पुढच्या वेळी मुलगी एकटी आली.

“मॅडम, मला लहान पोरं आवडतात.”

“आवडतात म्हणजे त्यांच्यातलं नेमकं काय आवडतं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “तेच सांगता येत नाही मला.”

हे उत्तर मला फार आवडलं, कारण प्रामाणिक होतं. तिला म्हटलं, ओळखीच्या एका बालवाडीत चार सकाळी जाऊन कोपऱ्यात बस. रोज एकच मूल निवडायचं आणि ते काय करतं तेवढंच लिहायचं. हुशार, हट्टी, लाडकं, असले शब्द लिहायचे नाहीत. डोळ्याला दिसलं तेवढंच.

चौथ्या भेटीत तिघंही आले. तिने वही उघडली आणि वाचायला लागली. चार वर्षांचा एक मुलगा, वर्गात कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी तो दाराबाहेर जाऊन बसला आणि सगळ्यांच्या चपला लावायला लागला. आधी रंगाप्रमाणे लावल्या. मग सगळ्या मोडल्या आणि जोड्या लावल्या. एक चप्पल उरली तर ती हातात घेऊन सगळ्या रांगेवरून दोनदा फिरला, शेवटी पायरीखाली दुसरी सापडली तेव्हा हसला. त्या तीन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला होता. तेवढ्यात आतून हाक आली, चपलांना हात लावू नको, घाण आहे, आत येऊन ‘अ’ गिरव.

इथपर्यंत वाचून ती थांबली. मग म्हणाली, “मी घरी आलो आणि मला रडू आलं मॅडम. तो काय करत होता ते कुणालाच कळलं नाही. मलाबी पूर्ण कळलं नाही, पण काहीतरी मोठं करत होता एवढं कळलं.”

मी काहीच बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं. बोलले ते वडील. “म्हणजे ते पोरगं गणित करत होतं की.” मग जरा थांबून, “आमच्याकडं नवीन पोरगं आलं की आम्ही पण पहिल्यांदा नट-बोल्टच निवडायला लावतो.”

बरोबर होतं त्यांचं. वर्गीकरण, एकास एक जोडी लावणं, उरलेलं शोधणं, आकडे गिरवायच्या आधीचं गणित हेच असतं. आणि मुलीला काय हवंय तेही आता टेबलावर आलं होतं. तिला नुसतं मुलांत रमायचं नव्हतं, मूल असं का करतं ते समजून घ्यायचं होतं. मला वाटतं या सगळ्या घरांमध्ये ‘कुठलं कॉलेज’ या प्रश्नाखाली दुसराच प्रश्न दडलेला असतो: हे काम खरंच शिकण्याइतकं मोठं आहे का? त्याचं उत्तर मिळेपर्यंत कॉलेजच्या याद्या कितीही चाळा, उपयोग नाही.

आईंना मी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं सांगितलं. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या त्या, ती नोकरी सोडून गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या बालमंदिरात गेल्या, पुढे १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि मग सहकारी अनुताई वाघांसोबत जवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. १९६२ ला पद्मभूषण मिळालं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि त्याच गावात आज पहिलीच्या आधीची वर्षं आपण ‘नुसती बालवाडी’ म्हणून सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ३ ते ८ वयाचा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र.

आता कोर्सचं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. आधी कुठे काम करायचंय ते ठरवा. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीपासून शिकवायचं असेल तर दोन वर्षांचं डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), तिथे सहा महिन्यांचं माँटेसरी सर्टिफिकेट चालत नाही, आणि २०२३ च्या ऑगस्टमधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बीएडही चालत नाही, हे अजून पुष्कळ घरांत माहीतच नसतं. बारावीनंतरचं चार वर्षांचं आयटीईपी, म्हणजे पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र, २०२३-२४ पासून सुरू झालंय, त्यात पायाभूत टप्प्याचा पर्याय आहे, प्रवेश एनसीईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, पण जागा मोजक्याच ठिकाणी. शिक्षक व्हायच्या कोर्सला एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची) मान्यता आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघा, आणि संस्था जुनी आहे एवढ्यावर जाऊ नका, त्याच कोर्सची मान्यता बघा. विशेष मुलांबरोबर काम करायचं असेल तर कोर्सला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता लागते. मूल कसं वाढतं याचा अभ्यास करायचा असेल तर गृहविज्ञानातली मानव विकासाची पदवी, त्यातून पुढे एमए-एमएस्सी, संस्थांमधली कामं, आणि एकात्मिक बालविकास योजनेत मुख्य सेविकेसारखी पदवी लागणारी पदं असे रस्ते निघतात. खाजगी नर्सरीत छोट्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळते, मावसबहिणीच्या सुनेला मिळाली तशी, पण पगार कमी असतो आणि पुढची पायरी सापडत नाही, हे मी तोंडावर सांगते.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक मागून परत येऊ नका. सकाळी जा. कॉलेजची स्वतःची बालवाडी आहे का विचारा आणि चालू असताना आत जाऊन बघा. ठोकळे, मणी मुलांच्या हाताला येतील असे खाली ठेवलेत की काचेच्या कपाटात कुलूप लावून? विद्यार्थिनी मुलांमध्ये पहिल्या वर्षापासून जातात का शेवटच्या वर्षी दोन आठवडे? त्या शिकवत असताना त्यांच्या मॅडम मागे बसून बघतात का, नंतर त्यावर बोलतात का? मोठी बिल्डिंग असलेल्या एका ठिकाणी ठोकळ्यांवर धूळ मी स्वतः बघितलीय.

या मुलीने शेवटी मानव विकासाची पदवी निवडली, तीही वहीतल्या सातपैकी नसलेल्या कॉलेजात. हॉस्टेलला राहावं लागणार म्हणून आईला जड गेलं, अजूनही जातंय. दुसऱ्या मुलीला मी हेच सांगेन असं नाही, तिच्यासाठी डीएलएड बरोबर असेल.

ॲडमिशनच्या आधी वडिलांचा फोन आला. कामावरून सुट्टी काढून एकटेच कॉलेज बघून आले होते. “मॅडम, बालवाडीत बसून आलो अर्धा तास. कपाटाला कुलूप नाही. आणि एक पोरगी नुसती बसून वहीत लिहीत होती, तिला विचारलं काय लिहितीस, तर म्हणाली, काका जरा हळू बोला, तो टॉवर बांधतोय.”