शेजारचे आजी-आजोबा विजेच्या बिलाच्या धास्तीने पंखाही लावत नाहीत. त्यांना मदत कशी करू?

तुम्ही लिहिलंय की भर उकाड्यात दोघं पंखा बंद करून बसतात, रात्री घरभर मिळून एकच दिवा लावतात, आणि तरीही बिल उतरत नाही. आधी त्यांना पंखा लावायला लावा, आजच. उतारवयात तहान नीट कळत नाही, घामही कमी येतो. अशा वेळी उकाडा अंगावर काढणं महागात पडू शकतं, आणि त्यातून वाचतं ते अगदीच थोडं.

मी वायरिंगची आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीची कामं करतो. बिल वाढलं की लोक डोळ्यांसमोर चालू दिसतं ते आधी बंद करतात. वीज जास्त खातं ते मात्र पाणी तापवणं, खोली गार किंवा गरम करणं. एक युनिट म्हणजे 1000 वॅटची वस्तू तासभर चालणं; 75 वॅटचा पंखा तेरा तास फिरला तरी एक युनिट होत नाही. 9 वॅटचा एलईडी दिवा एका युनिटात शंभर तासांहून जास्त जळतो. उलट 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला साधारण 0.6 युनिट लागतं, म्हणजे त्याच पंख्याचे आठ तास. गीझर दिवसभर चालूच राहिला तर टाकीतलं पाणी निवत राहतं आणि तो पुन्हा पुन्हा तापवत राहतो. आंघोळीच्या आधी थोडा वेळ लावायचा, दोघांच्या आंघोळी लागोपाठ उरकायच्या आणि बटण बंद करायचं. विसरायला होत असेल तर टायमर बसवून द्या.

मग फ्रिज बघा. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघून आला तर तिथलं रबर सैल झालंय. आधी ते पुसून स्वच्छ करा, तरी फरक पडला नाही तर बदलून घ्या. फ्रिज भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर थोडा पुढे ओढा, मागची धूळ झाडा.

आता बिल. रकमेकडे नंतर बघा, आधी युनिट बघा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. युनिट तेवढेच असतील तर दर किंवा स्थिर आकार (वापर कितीही असो, भरावीच लागणारी ठरावीक रक्कम) वाढलाय, किंवा मागची थकबाकी आत मिळवलीय. अशा वेळी त्या दोघांनी कितीही दिवे मालवले तरी फारसा उपयोग नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. उगाच स्वतःला दोष देत बसतात लोक. बिलावरचं रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळतंय का, की मीटर न वाचताच सरासरी लावलीय, तेही तपासा. फरक असेल तर मीटरचा तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार द्या.

आणखी एक तपासणी मला फार भरवशाची वाटते. डिजिटल मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. समजा तो 3200 आहे आणि दोन लुकलुकींमध्ये 10 सेकंद जातात, तर घरात त्या क्षणी साधारण 112 वॅट वीज जातेय. सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लगही काढा. तरी दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी चालू राहिलंय किंवा कुठेतरी गळती आहे. बऱ्याचदा सेट-टॉप बॉक्ससारखी किरकोळ वस्तू निघते, पण 10 वॅटची वस्तू वर्षभर अखंड चालू राहिली तर जवळपास 88 युनिट होतात. तसं काहीच सापडलं नाही तर वायरमनला बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका. घरात श्वासाचं यंत्र किंवा तसलं काही चालू असेल तर हा प्रयोग करूच नका.

बिल थकलं असेल तर तोडणीची नोटीस येईपर्यंत थांबू नका. शेवटच्या तारखेआधी आजोबांना घेऊन वीज कार्यालयात जा, हप्ते बांधून मागा, आणि वयोवृद्ध किंवा आजारी ग्राहकांसाठी काही सवलत आहे का ते विचारा. अर्जाची पोचपावती घ्या, एक झेरॉक्स तुमच्याकडेही ठेवा. दोघांना खिडक्या-खिडक्यांवर हेलपाटे घालणं झेपत नाही, म्हणून बरेचदा हक्काची सवलतही सुटते. एवढ्या कामाला तुम्ही सोबत गेलात तर निम्मं ओझं तिथेच हलकं होईल.