सहावीच्या मुलांना पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेताना सुरक्षेचे नियम कसे सांगावेत?

तुम्ही निफाड तालुक्यातल्या शाळेत नव्याने रुजू झालात आणि विचारताय की नियम सांगितले तर मुलं घाबरतात, न सांगितले तर धोका, मग करायचं काय? मी नाशिकमध्येच विज्ञान शिकवते. माझं मत असं, की भिंतीवरचा नियमांचा तक्ता पहिल्या दिवशी वाचूच नका.

सुरुवात मोरचुदापासून, म्हणजे कॉपर सल्फेटपासून करा. तुमच्या वर्गातल्या द्राक्षबागायतदारांच्या पोरांना ते निळे खडे ओळखीचे असणार. बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून बागेवर फवारायच्या बुरशीनाशकासाठी, ते घरी येतातच. विचारा, हे मिश्रण लोखंडी पिंपात का कालवत नाहीत? उत्तरं येऊ द्या. मग मोरचुदाच्या द्रावणात पॉलिश पेपरने घासलेला खिळा तुम्ही स्वतः सोडा. हळूहळू खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिकटतो. लोखंड द्रावणात जातं, तांबं बाहेर येतं. मिश्रणात चुना पुरेसा पडलाय का, हे पाहायला लोखंडी सुरी बुडवतात ती याचमुळे. तांबूस झाली तर चुना कमी. आता विचारा, फवारताना तोंडाला फडकं का बांधतात, जेवणाआधी हात का धुतात? नियम मुलंच सांगतील, तुम्ही फळ्यावर लिहायचे. स्वतः सांगितलेला नियम मुलं मनापासून पाळतात.

स्पिरिटचा दिवा सहावीच्या हातात नको. तुम्ही पेटवून दाखवा: काडीनेच पेटवायचा, दुसऱ्या दिव्यावर वाकवून नाही, कारण स्पिरिट सांडून भडका उडतो. विझवायचा टोपण घालून, फुंकर मारून नाही. उजेडात ती ज्योत नीट दिसतही नाही, म्हणून वेण्या मागे आणि ओढणी खोचलेली हवी. आम्लासाठी लिंबू पुरे. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं की तो लाल होतो आणि लिंबू पिळलं की परत पिवळा, एवढ्यावर अख्खा तास रंगतो.

तासाआधी नळाला पाणी आहे का ते बघा. नसेल तर त्या दिवशी प्रयोग नको, याबाबतीत मुख्याध्यापकांचंही ऐकू नका. भाजलं तर 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. डोळ्यात काही उडालं तर किमान 15 मिनिटं पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, आणि मग डॉक्टरांकडे. प्रत्येक मुलाला त्या नळापर्यंत एकदा चालत जाऊन तो उघडायला लावा.

आणि काच फुटली तर कृपा करून रागावू नका, भरपाईचं तर नावही काढू नका. धाक बसलेलं मूल तुकडे मुठीत किंवा खिशात लपवतं आणि हात कापतो तो तिथे. "बाई, फुटलं" म्हणून जो लगेच सांगेल त्याला शाबासकी द्या, बाकीच्यांना मागे सरकवा आणि तुकडे तुम्ही झाडू-सुपलीने उचला.