वर्तुळांची लिस्ट आकृत्यांची लिस्ट का होत नाही?

प्रश्न: जावामध्ये माझा ‘आकृती’ नावाचा क्लास आहे आणि ‘वर्तुळ’ हा त्याचा सबक्लास. आकृती मागितली तिथे वर्तुळ दिलेलं चालतं. पण लिस्ट<आकृती> घेणाऱ्या मेथडला लिस्ट<वर्तुळ> दिली की कंपायलर अडतो, सरळ कास्टही करू देत नाही. आधी रॉ लिस्टमध्ये (घटकांचा प्रकार न लिहिलेल्या नुसत्या ‘लिस्ट’मध्ये) ठेवून मग पुढे दिली की नुसती वॉर्निंग येते आणि कोड चालतो. वॉर्निंग दडपणारं ‘@सप्रेसवॉर्निंग्ज’ लावून असंच ठेवलं तर काय बिघडतं?

उत्तर: बिघडतं, आणि भलत्याच ठिकाणी बिघडतं. या युक्तीवर माझा राग आहे तो त्यासाठीच.

तुम्ही लिस्ट दिलीत म्हणजे तिची प्रत दिली नाहीत. तीच लिस्ट आता दोघांच्या हातात आहे. तुमच्या लेखी ती वर्तुळांची, मेथडच्या लेखी आकृत्यांची. मेथडने तिच्यात एक चौरस ॲड केला, तर तिचं काहीच चुकलं नाही. चौरस ही आकृतीच आहे. नंतर तुम्ही त्या लिस्टमधून एक घटक काढता, त्याची त्रिज्या विचारता, आणि हातात चौरस असतो.

चौरस आत जाताना कोणी का अडवत नाही? 2004 मध्ये जावा 5 मध्ये जेनेरिक्स, म्हणजे कंसात घटकांचा प्रकार लिहायची सोय, आले ते टाइप इरेजर घेऊनच: कंपायलर प्रकार तपासतो आणि मग तो पुसून टाकतो. रनटाइमला ती फक्त लिस्ट असते. तिच्यात वर्तुळंच असायला हवीत हे तिला ठाऊकच नसतं. क्लासकास्टएक्सेप्शन येतं ते घटक बाहेर काढणाऱ्या ओळीवर, कारण तिथला कास्ट कंपायलरने तुमच्या नकळत घातलेला असतो. चौरस घालणारी मेथड तोवर कधीच संपलेली असते, स्टॅक ट्रेसमध्ये (एररसोबत येणाऱ्या मेथड कॉल्सच्या यादीत) तिचा मागमूस नसतो. इतरांच्या कोडमधले असे बग मी शोधले आहेत. जिथे एक्सेप्शन येतं ती ओळ निर्दोष असते आणि माणूस तीच पुन्हा पुन्हा वाचत बसतो.

ॲरेची गोष्ट वेगळी. वर्तुळांचा ॲरे आकृत्यांचा ॲरे म्हणून चालतो. जेनेरिक्स नव्हते तेव्हा एकच मेथड सगळ्या प्रकारच्या ऑब्जेक्टच्या ॲरेंवर चालवायची तर ही सूट हवीच होती. पण ॲरेला आपल्या घटकांचा प्रकार रनटाइमलाही माहीत असतो, म्हणून चौरस घालायला जाल तर त्याच ओळीवर ॲरेस्टोअरएक्सेप्शन येतं. प्रोग्रॅम थांबतो, पण निदान गुन्हेगार सापडतो.

आता तुमच्या मेथडकडे या. ती लिस्टमधून फक्त वाचते का? क्षेत्रफळांची बेरीज, चित्र काढणं असलं काही करत असेल, तर लिस्टला हात लावू नका, मेथडची सही (सिग्नेचर), म्हणजे ती कोणता प्रकार घेते ते, बदला: लिस्ट<? एक्स्टेंड्स आकृती>. वर्तुळांची, चौरसांची, आकृत्यांची, कोणतीही लिस्ट तिला चालेल आणि आत कंपायलर नलखेरीज काहीच ॲड करू देणार नाही. (रिमूव्ह आणि क्लिअर मात्र चालतात, तेव्हा याला रीड-ओन्ली समजू नका.) मेथड उलट लिस्टमध्ये वर्तुळं भरत असेल, तर लिस्ट<? सुपर वर्तुळ> लिहा. माझ्या पाहण्यात ‘कलेक्शन कन्व्हर्ट कसं करू’ अशा बहुतेक प्रश्नांची तड इथेच लागते. कन्व्हर्ट करायची गरजच उरत नाही.

मेथड दुसऱ्याच्या लायब्ररीतली असेल, तर प्रत करा: न्यू ॲरेलिस्ट<आकृती>(वर्तुळं). कास्ट नाही, वॉर्निंग नाही. कॉपी होतात ते फक्त रेफरन्स, वर्तुळं तीच राहतात, त्यामुळे खर्चाची धास्ती सहसा अनाठायी असते. मात्र मेथडने प्रतीत घातलेलं तुमच्या मूळ लिस्टमध्ये येणार नाही. मेथड फक्त वाचते याची खात्री असेल, तर कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट प्रतही न करता मूळ लिस्टवर लिस्ट<आकृती> असा न बदलता येणारा व्ह्यू देतं. जावा 10 पासून लिस्ट.कॉपीऑफ आहे, पण लिस्टमध्ये नल असेल तर ते नलपॉइंटरएक्सेप्शन देतं.

मॅपच्या आत लिस्ट असेल तर एक्स्टेंड्स दोन्ही पातळ्यांवर लागतं: मॅप<स्ट्रिंग, ? एक्स्टेंड्स लिस्ट<? एक्स्टेंड्स आकृती>>. बाहेरचं विसरलात तर मॅप<स्ट्रिंग, लिस्ट<वर्तुळ>> दिल्यावर कंपायलर पुन्हा तीच तक्रार करेल.