दहा पेशंट, बावीस नर्स

प्रश्न: माझ्या मुलीचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. चार वर्षं ती ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. आता घरी नर्स पाठवणाऱ्या एका होम केअर कंपनीने तिला सुपरवायझर म्हणून बोलावलंय. घोडबंदर रोड ते खारघर या पट्ट्यातले चोवीस तासांचे १० पेशंट आणि २२ नर्स तिच्याकडे असतील. पगार चांगला आहे. नोकरी घ्यावी का? – एक आई, कळवा

ताई, पगाराआधी शिफ्टचा हिशोब करा. चोवीस तासांच्या एका पेशंटला बारा तासांच्या दोन शिफ्ट, आठवड्याला १४. दहा पेशंटच्या १४०. आठवड्याची एक सुट्टी धरली तर एक नर्स सहा शिफ्ट करते, म्हणजे ७२ तास, तेही जास्तच. तरीसुद्धा कुणी आजारी न पडता २४ नर्स लागतात, आणि इथे आहेत २२. ती तूट रोज तुमच्या मुलीच्या फोनवर येणार. शिवाय राखीव चार-पाच जणी हव्यातच. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असला की खारघरची बदली नर्स वेळेवर पोचत नाही आणि रात्रभर जागलेली नर्स पेशंटला सोडून निघू शकत नाही. म्हणून ड्युटी लावताना नर्स कुठल्या स्टेशनवरून येते ते आधी बघायचं.

दुसरी अडचण, काम डोळ्यांसमोर नसतं. वॉर्डात इनचार्ज सिस्टर राउंड घेते. घरच्या पेशंटच्या बाबतीत सुपरवायझरला फक्त नर्सची वही दिसते. आणि वहीत बहुतेकदा 'पेशंट स्टेबल' एवढंच असतं. नाकातून नळी असलेला पेशंट घ्या. शेवटचं फीड किती वाजता, किती एमएल, नळीवरची खूण नाकाशी किती सेंटीमीटरवर, हे लिहिलेलं हवं. खूण सरकलेली असेल तर नळीची जागा तपासल्याशिवाय पुढचं फीड द्यायचं नाही, नाहीतर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीडनंतरही अर्धा-पाऊण तास तशीच. कूस किती वाजता बदलली, लघवी किती झाली, हेही वहीत हवं. फोनवर 'सगळं ठीक ना?' विचारण्यापेक्षा हे आकडे विचारावेत.

घरच्यांचा दबाव वेगळाच. 'डॉक्टर फोनवर बोललेत, इंजेक्शन देऊन टाका' म्हणतात. लेखी ऑर्डर नसेल तर द्यायचं नाही, आणि हे नर्सने एकटीने नको, सुपरवायझरने घरच्यांना सांगायचं. भांडी-कपड्यांचंही तेच, पहिल्या भेटीतच कामांची यादी सही करून घ्यावी. लैंगिक छळाची तक्रार आली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात घरही कामाची जागा धरलं आहे. त्या नर्सला आधी तिथून हलवायचं, पेशंटची सोय मग.

मुलीचा आयसीयूचा अनुभव इथे फार मोलाचा आहे, नोकरी जरूर घ्यावी. पण राखीव नर्स किती, रात्री फोन कोण घेणार आणि प्रवासखर्च कोण देणार, ही तीन उत्तरं ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. आणि रुजू होण्याआधी संध्याकाळी आठची एक शिफ्ट-बदली तिला प्रत्यक्ष बघू द्या.