गावाकडचा रोजचा प्रश्न: ‘लेकरू चालायलंय का?’

जर्मनीतून एका आईचं पत्र आलंय. माहेर वसमतकडचं, सासर परभणीजवळच्या खेड्यातलं, मुलगी साडेदहा महिन्यांची. त्या लिहितात: ‘लेकरू रांगत नाही, बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरतं. सासूबाई रोज व्हिडिओवर विचारतात, चालायलंय का? जाऊबाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला होता. जानेवारीत पहिल्या वाढदिवसाला गावी यायचंय. बोरन्हाण आणि माहूरला जावळ, दोन्ही तेव्हाच उरकायचंय. तोवर ती चालली नाही तर काय, याची धास्ती बसलीय. इथल्या मैत्रिणी म्हणतात, घरात मराठी बंद करा, नाहीतर बोलायला उशीर होईल.’

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. चालण्याच्या काळजीत तुम्ही ते ओघात लिहून गेलात: ‘खिडकीबाहेरून ट्राम गेली की बोट करते आणि वळून माझ्याकडे बघते.’ या वाक्यानं माझी निम्मी काळजी मिटली. तिला ट्राम नकोय, ती काही मागत नाहीये. ती तुम्हाला दाखवतेय. आपण बघतो ते दुसऱ्यालाही दाखवता येतं आणि आई ते बघते, हे तिला उमगलंय. बोलणं इथूनच सुरू होतं. मुख्यसेविका म्हणून परभणी-हिंगोलीकडच्या अंगणवाड्यांमध्ये मी नोकरी केली. तिथं वर्षाच्या आतबाहेरचं लेकरू समोर आलं की मी आधी त्याचे डोळे आणि हात बघायची, पाय सगळ्यात शेवटी. आजही माझं मत तेच आहे. गावाकडं मात्र सगळ्यांचं लक्ष पायांवर, कारण पहिलं पाऊल सगळ्या घराला दिसतं आणि बोट फक्त आईला.

इतक्या लवकर सगळीच लेकरं बोट दाखवत नाहीत. काहींना सव्वा वर्ष लागतं आणि त्यात काही वावगं नाही. पण वर्षाचं होईस्तोवर लेकरानं काही ना काही खुणेनं आपल्याशी बोलायला हवं. ‘टाटा’ म्हणत हात हलवणं, उचलून घ्यायला हात वर करणं, हातातली वाटी आपल्यापुढं धरणं, नको असेल तर मान फिरवणं, हे सगळं त्यातच आलं. नावानं हाक मारली की वळणं, ‘नको हं’ म्हटलं की क्षणभर थबकून तुमच्या तोंडाकडं बघणं. तुम्ही रुमालाखाली चमचा लपवला आणि तिनं रुमाल ओढून काढला, तर दिसेनाशी झालेली वस्तू जगातून नाहीशी होत नाही हे तिला कळलं. पदराआड तोंड लपवून ‘कुक्क’ करण्याचा आपला जुना खेळ हेच शिकवतो.

तिच्या ताटात मऊ भाताची चार शितं पसरून ठेवा. आधी ती सगळी मूठ फिरवेल, मग एक दिवस अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एकच शीत उचलेल. ही चिमूट बहुतेक लेकरांना वर्षाच्या आसपास साधते. डब्यात लिंबू टाकायचं, काढायचं, पुन्हा टाकायचं. चमचा खाली फेकायचा आणि तुम्ही उचलता का ते बघायचं. तुम्ही दमता हे मला माहीत आहे, पण यात तिचा हट्ट नाही, तिचा अभ्यास चाललेला असतो.

आता चालण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. भारतातली मुलं दिल्लीची होती. त्या नोंदींनुसार आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही येतं. एकटं उभं राहणं ६.९ ते १६.९ महिन्यांत. तुमच्या जाऊबाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, तोही यात बसतो, आणि सोळाव्या महिन्यात चालणारं लेकरूही बसतं. लवकर चाललेलं पोरगं पुढं जास्त हुशार निघतं असंही काही नाही. रांगण्याचं तर त्याहून सोपं आहे. त्याच नोंदींत शंभरातली चारेक मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती. ढुंगणावर सरकणारी लेकरं बऱ्याचदा उशिरा चालतात, आणि अशी सवय घराण्यात असते. सासूबाईंना एकदा विचारून बघा की तुमचा नवरा लहानपणी कसा सरकायचा. उत्तर ऐकून कदाचित त्यांचाच प्रश्न थांबेल.

लेकरू वेळेआधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे. ३४व्या आठवड्यात जन्मलेलं लेकरू पहिल्या वाढदिवसाच्या दिवशी खरं तर साडेदहा महिन्यांचंच असतं. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब धरायचा. गावाकडं हे कुणी धरत नाही, म्हणून तुम्ही ठामपणे सांगायचं.

मग डॉक्टरांकडं कधी जायचं? नऊ महिने उलटूनही लेकरू आधाराशिवाय बसत नसेल, धरून उभं केल्यावर वर्षाच्या सुमारासही पायांवर अजिबात भार देत नसेल, अंग फार सैल किंवा फार ताठ वाटत असेल, तर वाट बघू नका. एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळून राहत असेल, तर ‘डावखुरं होणार’ म्हणून सोडून देऊ नका. एवढ्या लहान वयात हात ठरत नाही. वर्षाच्या उंबरठ्यावर बडबड नाही, खूण नाही, हाकेला प्रतिसाद नाही, तर दाखवा. दीड वर्ष झालं आणि स्वतंत्र पाऊल नाही, तरी दाखवा. आणि येत असलेली गोष्ट गेली, टाळ्या वाजवायची ती थांबली, ‘बाबा’ म्हणायचं ते बंद झालं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. ऐकू येतं का हे पाठीमागं थाळी वाजवून ठरवू नका. थाळीचा दणका कमी ऐकणाऱ्या लेकरालाही जाणवतो, सावली हलली तरी ते वळतं. कानांची तपासणी यंत्रावरच करायची.

जर्मनीत दहाव्या ते बाराव्या महिन्यात यू-सहा नावाची तपासणी असते, ती लेकराच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीत लिहिली जाते. निघण्याआधी ती करून घ्या. जाताना फोनवर तिच्या सरकण्याचा आणि बोट दाखवण्याचा छोटा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात लेकरं नेमकी काही करत नाहीत. गोवरावरच्या लसीचा पहिला डोस तिथं अकराव्या महिन्यात देतात. प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी तो झालेला असावा. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये तो वर्षाच्या आसपास असतो. तिथल्या वाचकांनी भारतात येणार असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं. अमेरिकेत परदेशप्रवासासाठी सहाव्या महिन्यापासूनच जादा डोस देतात.

पांगुळगाड्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आजोबा सुताराकडून करून घेणारच. करू द्या. लाकडी पांगुळगाडा लेकरू स्वतः उभं राहून ढकलतं, त्यामुळं उभं राहता येत असेल तर तो चांगला. गावचं अंगण सपाट असावं आणि मोठं माणूस सोबत असावं, एवढंच. दुकानात मिळणारं बसायचं चाकांचं वॉकर मात्र नको. त्यानं चालणं लवकर येत नाही, आणि लेकरू क्षणात जिन्याशी किंवा चुलीशी पोचतं. कॅनडानं २००४ साली त्याच्यावर बंदीच घातली.

भाषेचं उत्तर एका शब्दात देते: मराठीच. दोन भाषांमुळं लेकराचं बोलणं उशिरा येत नाही. पाळणाघरात जर्मन कानावर पडेल, घरात तुमची भाषा पडू द्या, आणि तीही पुस्तकी करू नका. ‘काय करायलीस गं?’, ‘इकडं ये’, ‘भुर्र जायचं का?’ असं तुम्ही आईशी बोलता तसंच बोला. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. वर्षाला एखाद-दुसरा शब्द पुरे आहे, आणि तो ‘आज्जी’ असेलच असं नाही. ‘दिवा कुठाय?’ म्हटल्यावर तिनं वर बघितलं, तर तो दिवा तिच्या खात्यात जमा झाला, तोंडातून शब्द यायचा तेव्हा येईल.

सासूबाईंच्या प्रश्नात टोमणा असेल असं मला वाटत नाही. त्यांना नातीला हात लावता येत नाही, म्हणून ज्याबद्दल विचारता येतं ते त्या विचारतात. त्यांना उत्तर देण्याऐवजी दाखवायला सुरुवात करा. हिवाळ्यात तुमच्या आणि त्यांच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक असतो. त्या संध्याकाळी सातला फोन करतात तेव्हा तुमच्याकडं दुपारचे अडीच असतात, लेकरू झोपेला आलेलं किंवा किरकिरं. तुमच्या सकाळी नऊला लावा, तिथं दीड वाजलेला असेल, जेवणं झालेली असतील. फोन भिंतीला टेकवून ठेवा आणि लेकराला डब्यात लिंबू टाकू द्या. आजीनं पदर तोंडावर घेऊन ‘कुक्क’ करावं. एवढ्या लहान वयात पडदा नको म्हणतात ते खरं, पण आपल्या माणसाशी व्हिडिओवर बोलणं त्यात धरत नाहीत. आठवड्याभरात सासूबाई स्वतःच म्हणू लागतील की आज पोरीनं झाकण लावलं.

जानेवारीत एक गोष्ट तुम्हाला दुखावेल, तिची तयारी आत्ताच ठेवा. या वयात लेकरं अनोळखी माणसाला घाबरतात आणि आईपासून दूर गेली की आकांत करतात. आठव्या-नवव्या महिन्यापासून हे चालतं आणि ते निरोगी वाढीचं लक्षण आहे. पण संभाजीनगरला विमानतळावर आजोबांनी हात पुढं केले आणि ती किंचाळली, तर त्यांच्या मनाला लागेल. म्हणून आधीच फोनवर सांगून ठेवा: पहिले दोन दिवस कुणी ओढून घ्यायचं नाही. आजीनं समोर जमिनीवर बसावं, तिच्याकडं न बघता वाटी-चमचा वाजवत राहावं. लेकरू सरकत येईल. ते आपल्या पायानं आलं नाही तरी आपल्या मनानं येऊ द्या.

गावी तिला पाणी उकळून गार केलेलंच द्या. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, मुगाचं वरण, तूप-भात खुशाल भरवा, मीठ आणि गूळ जवळजवळ नाहीच. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट वरणात चालतं, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही. मधातल्या जंतूंमुळं तान्ह्यांना स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. शेतावर हुरडा होईल, तिथं कुणीतरी प्रेमानं दोन दाणे तोंडात टाकेल. तुम्ही जवळच राहा.

बोरन्हाणाची मला खरी चिंता आहे. बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, बत्तासे, हलवा, सगळं घशात अडकणारं, आणि तुमच्या मुलीला तोवर नुकतीच चिमूट साधलेली असेल. बोरन्हाण जरूर करा, काळं झबलं घाला, पण ती मांडीवर असू द्या. तिच्या डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्याच ओता. बाकीचा खाऊ मोठ्या पोरांसाठी बाजूला उधळा. सोहळा संपला की सतरंजी झाडून मगच तिला खाली सोडा. हलव्याचे दागिने फोटोपुरते, लगेच काढायचे.

बारीक दिसतेय असं कुणी म्हणालंच, तर जन्मवजन आठवून बघा. वर्षाला ते साधारण तिप्पट होतं. वाढीची रेषा पिवळ्या वहीत नीट चढत असेल तर काही बोलायचं कारण नाही. वरचे दात आधी आले तर मामावर भारी, हेही कानावर येईल. दात कुठलाही आधी येवो, मामाचं काही बिघडत नाही. वाढदिवसाला एकही दात नसला तरी चालतं.

माहूरला पहाटे निघून गर्दीच्या आत पोचा. तिच्या झोपेच्या वेळी जावळ ठरवू नका, आणि वस्तऱ्याला नवं पातं तुमच्यासमोर लावून घ्या. ज्या मामाच्या मांडीवर ती बसणार, तो तिला त्या दिवशी पहिल्यांदा भेटत असेल तर जावळ रडण्यातच जाईल. भावाला सांगा, दोन दिवस आधीच मुक्कामाला ये, तिला रोज घास भरव, अंगणातल्या शेळ्या दाखव. ती त्याला बोट करून काय काय दाखवते तेही त्याला बघू दे.