जुनी पुस्तके नव्याने छापताना: वाचकांचे प्रश्न

कॉपीराइट संपलेली पुस्तके पुन्हा काढण्याबद्दल आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या वाचनालयात तीन-चारशे जुनी पुस्तके आहेत. त्यातली काही पुन्हा छापायचा विचार आहे. पण बहुतेकांवर ‘सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन’ असे छापलेले आहे. मग कोणती मोकळी, हे कसे ओळखायचे? (एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

ती ओळ आधी मनातून काढून टाका. ती ओळ छापल्याने हक्क निर्माण होत नाही, आणि संपलेला हक्क परतही येत नाही. पुस्तक किती जुने आहे यालाही फारसे महत्त्व नाही. पाहायचे ते लेखकाच्या मृत्यूचे वर्ष. लेखक हयात असताना प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क, ज्या वर्षी लेखक वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे चालतो. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत हक्क होता आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यांचे लेखन मोकळे झाले. मामा वरेरकर १९६४ साली गेले, ते २०२५ पासून मोकळे. सावरकरांचे निधन २६ फेब्रुवारी १९६६ चे. त्यांच्या पुस्तकांचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ ला संपतो, २६ फेब्रुवारीला नव्हे. उलट १९४० च्या आसपास पहिले पुस्तक काढून २००० नंतर वारलेल्या लेखकाचे ते पिवळे पडलेले पुस्तक अजून कितीतरी वर्षे बंदच राहील.

ही मुदत आधी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपायच्या तोंडावर सरकारने ती ६० केली. भा. रा. तांबेही १९४१ चेच, त्यामुळे त्यांच्या कवितेलाही ती दहा वर्षे आपोआप मिळाली. ‘पन्नास वर्षे झाली, आता चालेल’ हा समज अजून ऐकू येतो तो त्या जुन्या नियमामुळे.

एक नेहमीची चूक शकाची. जुन्या चरित्रांत आणि प्रस्तावनांत मृत्यूची तिथी शकात दिलेली असते आणि आपण डोळे मिटून ७८ मिळवतो. चैत्र ते मार्गशीर्षापर्यंत ते बहुधा बरोबर येते. पण माघ-फाल्गुनातली तिथी असेल, तर इंग्रजी वर्ष उलटलेले असते आणि ७९ मिळवावे लागतात. सावरकरांची तिथी फाल्गुन, शके १८८७ आहे. ७८ मिळवले तर १९६५ येते आणि पुस्तक एक वर्ष आधीच छापून मोकळे व्हाल. पौषातली तिथी असेल तर जुने पंचांग काढून तारीख बघा.

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांचा संग्रह आमच्या महिला मंडळाला काढायचा आहे. त्या १९५१ साली गेल्या, म्हणजे २०१२ पासून मोकळे ना? (जळगाव)

मोकळे खरे, पण २०१३ पासून, आणि सगळे नव्हे. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ चे, गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. पुढच्या आवृत्त्यांत एखादे नवे गाणे आले असेल, तर त्याची मुदत ते पहिल्यांदा छापले त्या वर्षावरून वेगळी मोजा.

आता संग्रह हातात घ्या आणि पाने उलटा. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे ती ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत त्यांच्या वारसांच्या परवानगीशिवाय छापता येणार नाही. पुढे कोणी शब्दार्थ दिले असतील, चरित्र लिहिले असेल, तर त्या माणसाचे वर्ष वेगळे. आतली चित्रे ज्या चित्रकाराची, त्याचे वर्ष आणखी वेगळे. मुखपृष्ठही तसेच. पुस्तक एकगठ्ठा मोकळे होत नाही, ते असे तुकड्यातुकड्यांनी सुटते. म्हणून छापण्याआधी एका कागदावर पुस्तकाचे सगळे भाग लिहा: मूळ मजकूर, प्रस्तावना, टिपा, शब्दार्थ, चित्रे, छायाचित्रे, मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर. प्रत्येकासमोर कोणाचे आणि ती व्यक्ती कधी वारली ते लिहा. ज्याच्यासमोर वर्ष लिहिता येत नाही तो भाग गाळा. गाण्यांना तुमची स्वतःची प्रस्तावना लिहा, खानदेशी शब्दांचा कोश तुम्हीच करा. जळगावच्या बायकांनी केलेला तो कोश इतर कोणापेक्षा सरसच होईल.

डॉ. आंबेडकरांचे सर्व लेखन २०१७ पासून खुले झाले असे वाचले. बरोबर आहे का? (नागपूर)

त्यांच्या हयातीत छापलेले, हो. पण बुद्ध आणि धम्मावरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली आला, तो १ जानेवारी २०१८ पासून खुला. महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ या खंडांमधून जे हस्तलिखित प्रथमच बाहेर आले, त्याची साठ वर्षे त्या खंडाच्या वर्षावरून धरायची. चौथा खंड १९८७ चा आहे. त्यात पहिल्यांदा छापलेले लेखन २०४७ अखेरपर्यंत बंद धरा. मराठी अनुवाद घ्यायचा असेल तर अनुवादकाचेही वर्ष पाहा, मूळ खुले असले तरी.

ज्ञानेश्वरी सातशे वर्षांपूर्वीची. मग बाजारातली कुठलीही सार्थ ज्ञानेश्वरी स्कॅन करून वाटता येईल? (पंढरपूर)

ओव्या वाटता येतील, अर्थ नाही. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी बऱ्याच घरांत असते. ते १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांनी केलेला अर्थ २०२८ अखेरपर्यंत त्यांच्या वारसाहक्कात आहे. तुकारामांच्या गाथेसाठी सोपी वाट आहे. मुंबई सरकारने १९५० साली काढलेली गाथा सरकारी प्रकाशन आहे, सरकारी प्रकाशनांची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षे, ती २०१० अखेर संपली.

कवितांबद्दलही हेच. तांब्यांची कविता मोकळी आहे. तिची चाल आणि रेडिओवर ऐकू येणारे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे, त्यांची मुदत वेगळी.

जुनी प्रत स्कॅन करून तिचा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आहे. कुठून सुरुवात करावी, आणि चुका कशा कमी ठेवाव्यात? (सांगली)

प्रत निवडताना लेखकाच्या हयातीतली आवृत्ती घ्या, शक्यतो शेवटची. कालच्या पुनर्मुद्रणावरून घेऊ नका. आपल्याकडे पानाच्या मांडणीवर प्रकाशकाला वेगळा हक्क नाही हे खरे, पण नव्या आवृत्तीत संपादकाने काय बदलले, कुठली टीप घुसवली, हे तुम्हाला कळणार नाही. शिवाय तिच्यातल्या छपाईच्या चुका तुमच्या होतील.

पान गहाळ आहे का ते आधी पाहा. जुन्या पुस्तकात दर सोळा पानांनी पानाच्या तळाशी फर्म्याचा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) बारीक आकडा असतो. पृष्ठांकावर विसंबू नका, त्या आकड्यांची साखळी तपासा. बांधणीत अख्खा फर्मा उलटसुलट लागलेला किंवा गळलेला सापडतो.

स्कॅन ४०० डीपीआयवर, राखाडी छटांत करा. थेट काळे-पांढरे करू नका. तपकिरी कागदावर यंत्र कुठे काळे, कुठे पांढरे हे ठरवताना पहिला बळी अनुस्वाराचा आणि दुसरा रफाराचा जातो, आणि एकदा गेलेला ठिपका परत येत नाही. अक्षरओळखीसाठी, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करण्यासाठी, टेसरॅक्ट या संगणक-प्रणालीचा मराठी संच किंवा गुगल डॉक्स दोन्ही चालतात. छपाईचे खिळे (टाइप) झिजलेल्या पुस्तकात घ-ध, भ-म, थ-य, ष-प, ब-व या जोड्या हमखास चुकतात, आणि ‘ख’ चा ‘रव’ होतो. ‘रव’ चटकन दिसतो. घात करतात ते दोन्हीकडून खरे असलेले शब्द: मान आणि भान, धन आणि घन. शब्दतपासनीस यातले काहीच पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. म्हणून पहिले प्रूफ दोघांनी मिळून वाचा. एकाने मूळ प्रत मोठ्याने, विरामचिन्हांसकट वाचायची, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. दुसरे प्रूफ कागदावर, एकट्याने.

१९३०-४० च्या दशकांतली काही मासिके आणि पुस्तके ‘अि, अी, अु, अे’ अशा लिपीत आहेत. त्यांची बदली शोधा-बदला करून सरसकट करता येते: अि चा इ, अी चा ई, अु चा उ, अू चा ऊ, अे चा ए, अै चा ऐ. तुमच्या श्रेयपृष्ठावर हे एका ओळीत सांगा.

विकिस्रोतावर, म्हणजे हक्कमुक्त पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, तुमचे पुस्तक आधीच आले आहे का, हेही पाहा. तिथे स्कॅन आणि मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. हिरव्या खुणेचे पान दोनदा तपासलेले असते, पिवळे एकदा, लाल अजून तपासायचे. लाल पान उचलून छापखान्यात देऊ नका.

जुने शुद्धलेखन ठेवावे की आजचे करावे? (त्याच पत्रातला दुसरा प्रश्न)

अभ्यासकांसाठी असेल तर मुळाबरहुकूम. सर्वसाधारण वाचकांसाठी असेल तर १९६२ नंतरच्या नियमांप्रमाणे केलेले बरे. मधला मार्ग, म्हणजे निम्मे तसे आणि निम्मे असे, तो मात्र सर्वात वाईट.

पण हे काम ‘शोधा-बदला’चे नाही. ‘नाहीं’ चे ‘नाही’ डोळे मिटून करा. ‘घरांत’ चे करता येत नाही. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात असू शकते, तिथे अनुस्वार जायला हवा. तेच ‘घरांत’ अनेक घरांबद्दल असेल, तर तो आजही राहतो. वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. ‘नांव’ आणि ‘नाव’ यांत जुन्या लेखकाने नाम आणि होडी असा भेद केलेला असतो. अनुस्वार काढल्यावर समुद्रावरच्या वर्णनात गंमत होते.

कवितेला हात लावू नका. ‘कवि’ चे ‘कवी’ केले की एक लघू अक्षर गुरू झाले, आणि अक्षरगणवृत्त असेल तर ओळ तिथेच लंगडी. नियमांनीही कवितेला ही सूट दिली आहे.

आणि मजकूर गाळू नका, सौम्य करू नका. हक्क संपला तरी लेखकाच्या नावाचा आणि लेखनाच्या विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे, तो वारस बजावू शकतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याला मुदतीची अट उरलेली नाही. संक्षिप्त आवृत्ती असेल तर मुखपृष्ठावरच ‘संक्षिप्त’ म्हणा.

साने गुरुजींचे पुस्तक ई-बुक म्हणून इथून विकायचे आहे. भारतात तर ते खुले आहे. (न्यू जर्सी)

भारतात २०११ पासून. तुमच्याकडे नाही. अमेरिकेने १ जानेवारी १९९६ ला परदेशी पुस्तकांचे हक्क पुन्हा जिवंत केले. त्या दिवशी जे पुस्तक आपल्या मायदेशी हक्कात होते त्याला तिथे प्रसिद्धीपासून ९५ वर्षे मिळाली. गुरुजी १९५० साली गेलेले, म्हणजे त्या दिवशी भारतात हक्क चालू होता. ‘श्यामची आई’ १९३५ ची, म्हणून अमेरिकेत ३१ डिसेंबर २०३० पर्यंत बंद. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ चे, त्याला तिकडेही अडचण नाही.

ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक चढवताना विक्रीचे देश निवडायचा रकाना असतो. तिथे ‘जगभर’ वर टिचकी मारून पुढे जाणे ही सर्वात महागडी टिचकी. फक्त भारत निवडा. हक्कमुक्त पुस्तकावर तिथे ३५ टक्केच मानधन मिळते, आणि तेच पुस्तक फुकट उपलब्ध असेल तर स्वतःच्या टिपा, अनुवाद किंवा किमान दहा नवी चित्रे असल्याशिवाय घेत नाहीत.

लेखकाचे नावच माहीत आहे, बाकी काहीच नाही. तरी छापू का? (मडगाव)

मृत्यूचे वर्ष मिळेपर्यंत नको. विश्वकोश, वाङ्मयकोश, जुन्या मासिकांतले मृत्युलेख, लेखकाच्या शाळेची स्मरणिका, या क्रमाने शोधा. निनावी किंवा टोपणनावाने आलेल्या पुस्तकाची मुदत प्रसिद्धीपासून साठ वर्षे. मात्र टोपणनाव कोणाचे ते सर्वांना माहीत असेल (गोविंदाग्रज म्हणजे गडकरी), तर नेहमीचाच हिशेब. लेखक किंवा हक्कदार सापडतच नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या ३१-अ कलमाखाली परवाना मागता येतो. देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, अनुवाद असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही, आणि मग अर्ज. असे अर्ज आधी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात, तो कारभार २०२१ पासून उच्च न्यायालयाकडे गेला आहे, म्हणजे वकील आलाच. पाचशे प्रतींसाठी हे परवडत नाही.

आम्ही इतक्या मेहनतीने शुद्ध केलेला मजकूर दुसऱ्याने उचलला तर? (सांगलीचेच)

उचलू शकतो. नुसत्या श्रमाने हक्क मिळत नाही, थोडी तरी स्वतःची निर्मिती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रांच्या संपादनाबाबत २००७ साली ठरवले आहे. मूळ मजकूर तुम्ही कितीही निगुतीने तपासला तरी तो सगळ्यांचाच. तुमची प्रस्तावना, टिपा आणि नवी चित्रे मात्र तुमची, त्यामुळे श्रेयपृष्ठावर ‘सर्व हक्क’ असे मोघम लिहिण्याऐवजी नेमके ‘प्रस्तावना व टिपा यांचे हक्क’ असे लिहा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) स्वतःचा घ्या, राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. जुन्या प्रकाशकाचा क्रमांक वापरू नका. छापील आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. छापून झाल्यावर तीस दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, त्या प्रती छपाईच्या आकड्यात आधीच धरून ठेवा.